बी आणि कांडी

कांद्याच्या लिलावाच्या दिवशी घोडेगावच्या हमरस्त्यावर ट्रॅक्टर-पिकअपची अशी रांग लागते की आमच्या शेजारच्या काकू बाजाराकडे फिरकतच नाहीत. मागच्या दारानं येतात, माझ्या परसातल्या चार मिरच्या हक्कानं तोडतात आणि जाता जाता स्वयंपाकघरात डोकावतात. गेल्या पावसाळ्यात त्यांना खिडकीत काचेचा पेला दिसला. पेल्यात पाणी, पाण्यात मिरचीची वीतभर फांदी, आणि फांदीच्या बुडाला शिवणाच्या दोऱ्यासारखी पांढरी मुळं.

"मिरची काय फांदीनं लावत्यात व्हय?" काकू म्हणाल्या.

खरं तर नाही लावत. आमच्या पंचक्रोशीत मिरचीचं रोप म्हणजे गादीवाफ्यावर बी टाकून केलेलं, आणि अलीकडे रोपवाटिकेतून ट्रेमध्ये भरून आणलेलं. पण माझ्या फुटक्या हौदातलं हे झाड चार वर्षांचं आहे. मिरची एका हंगामाची असं आपण धरून चालतो. थंडीतून जपली तर ती कितीतरी वर्षं जगते, बुंध्याला लाकूड धरते. झाड संकरित वाणाचं. त्याचं बी धरून मी दोनदा रोपं केली. एकदा मिरच्या बुटक्या निघाल्या, एकदा तिखटपणाच गेला. संकरिताचं बी असंच फाकतं, कुणी आजीवर जातं, कुणी आजोबांवर. मला तर हेच झाड हवं होतं, आणि ते थकत चाललेलं. मग फांदी कापली. फार कोवळी नाही, फार जून नाही अशी, पेराच्या जरा खाली तिरपा काप देऊन. कळ्या-फुलं खुडली, शेंड्याची तीन पानं ठेवून बाकीची काढली. एक दिवसाआड पाणी बदललं. सोळाव्या दिवशी मुळं फुटली.

काकूंना एवढं सगळं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी पुढचा प्रश्न विचारला असता, की हे शिकलीस कुठं. ते सांगायला दुपार पुरली नसती. मिरचीचं मी मिरीकडून शिकले, आणि मिरीचं आमच्या आत्याबाईंकडून, म्हणजे सासूबाईंकडून, ज्यांनी जन्मात मिरीची वेल पाहिली नव्हती.

माझं माहेर वेंगुर्ले तालुक्यातलं. १९८९च्या मे महिन्यात लग्न होऊन घोडेगावात आले. आमच्या विहिरीमागे फणस होता आणि फणसावर आजोबांच्या हातची मिरवेल. निघताना मी बाबांना म्हटलं, मला तिची एक कांडी द्या. ते हसले. म्हणाले, "गो, थंय पाऊस खंय आसा?" तरी कोयतीनं कापून दिली, केळीच्या सोपटात गुंडाळून, वर ओलं फडकं. ती कांडी मांडीवर घेऊन मी एसटीनं कोल्हापूर, पुणे, नगर करत इथे उतरले. अंगणातल्या तुळशीशेजारी लावली. अकराव्या दिवशी तिचं काडीपैलवान झालं. मे महिन्यातला नगरी वारा ज्यानं अंगावर घेतलाय त्याला सांगायला नको.

आत्याबाईंनी ती वाळकी काडी उपटून पाहिली. आधी डोळे मोजले. मग म्हणाल्या, "अगं, बेणं असं असतं का? डोळा खाली गेलाय. उलटी लावलीस तू."

खरंच उलटी लावली होती. मी इतिहास-मराठीची शिक्षिका. झाडं माझ्यासाठी तोवर वर्णनात यायची.

आत्याबाईंचं हे ज्ञान उसातून आलेलं. आज घोडेगाव-सोनई पट्ट्यात उभा ऊस पाहून कुणाला वाटेल की हा इथे युगानुयुगं आहे. मामा, म्हणजे माझे सासरे, सांगायचे की त्यांच्या तरुणपणी इथे ज्वारी, बाजरी, थोडा हरभरा. विहिरीला पाणी असेल तर एखाद्या वाफ्यात पुंड्या ऊस, तोही पोरांना चघळायला आणि गुळाच्या एखाद्या ढेपेपुरता. बारागाव नांदूरला मुळा नदीवर २६ टीएमसीचं धरण झालं, त्याचा उजवा कालवा नेवाशाकडे निघाला, आणि १९७०च्या दशकात शेतात पाटाचं पाणी आलं. पाण्यामागून ऊस आला. ऊस आला म्हणजे बेणं आलं: बैलगाडीतून, मोळ्या बांधून, पाचट पांघरून, एका गावच्या मळ्यातून दुसऱ्या गावच्या मळ्यात.

हे बेणं प्रकरण मला तेव्हा नव्यानं कळलं. कोकणात आम्ही नारळ पुरतो, भात पेरतो, आंब्या-काजूची कलमं आणतो. इथे बायका ओल्या सरीत उभ्या राहून उसाच्या दोन डोळ्यांच्या टिपऱ्या पायानं चिखलात दाबत जातात. त्याला ओली लागण म्हणतात. टिपरी दाबताना डोळा बाजूला राहिला पाहिजे, खाली गेला तर कोंब उशिरा येतो, ही त्यातली मेख. आत्याबाईंनी पंधरा-सोळा हंगाम अशी लागण केली होती, आधी दुसऱ्यांच्या शेतात, मग आपल्या. त्यांच्या तळपायाला डोळा कळायचा.

आणि उसाची गंमत बघा. कोइमतूरला १९१२ साली ऊस पैदास केंद्र निघालं. बार्बर आणि नंतर वेंकटरामन यांनी तिथे उसाच्या तुऱ्यांचा संकर करून नवे वाण काढले. तिकडच्या हवेत तुऱ्याला जिवंत बी धरतं म्हणून ते जमलं. पण ते बी एकदाच पेरायचं. त्यातून एक चांगला ऊस निवडला की पुढे सगळा कारभार कांडीवर. को ४१९ असाच आपल्याकडे आला. साताऱ्याच्या सीमेवर पाडेगावला १९३२ साली ऊस संशोधन केंद्र सुरू झालं, तिथून को ७४० मळ्यांत गेला. १९५०च्या अखेरीस प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखाना सुरू झाला, त्याच्या गव्हाणीत पडलेला को ४१९ आणि पुणे जिल्ह्यातल्या एखाद्या गुऱ्हाळावरचा को ४१९ हे एकमेकांचे भाऊ नव्हते, चुलतभाऊही नव्हते. ते एकच झाड होतं, हजारो एकरांवर तुकड्यातुकड्यानं उभं. आज शेतकरी नुसतं ८६०३२ म्हणतात त्या उसाचंही तेच. बी पेरलं की लेकरू होतं. कांडी लावली की तीच आई पुन्हा उभी राहते.

आत्याबाईंना हे या शब्दांत ठाऊक नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी जून बघून आण. आणि पावसाच्या तोंडाला."

मी १९९०च्या जूनमध्ये पुन्हा कांडी आणली. या वेळी अक्कल चालवली. ज्या फांदीला मिरीचे घोस लागतात तीच फांदी कापून आणली. फळं देणारी फांदी लावली तर लवकर फळं मिळतील, हा माझा हिशोब. आत्याबाईंनी पान हातात घेतलं, चुरगाळलं, वास घेतला, उन्हात धरून शिरा पाहिल्या. म्हणाल्या, "ही तर खाऊच्या पानाची बहीण दिसते."

वनस्पतीशास्त्रातला एक धडा त्यांनी अर्ध्या मिनिटात उरकला. मिरी, नागवेल, पिंपळी या तिघी एकाच कुळातल्या, एकाच जातीच्या नाहीत तरी सख्ख्या म्हणाव्यात इतक्या जवळच्या. आमच्या न्हाणीमागे शेवग्यावर नागवेल होती, रोजच्या आंघोळीच्या पाण्यावर वाढलेली. मामांच्या विड्यापुरती पानं तीच द्यायची. आत्याबाईंनी माझी कांडी शेणकाल्यात बुडवली आणि नागवेलीच्या पलीकडच्या अंगाला, सावलीत, ओल धरणाऱ्या जागी लावली. "बहिणीला जिथं मानवलं तिथं हिलाबी मानवंल."

नागवेलीबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण महाराष्ट्रात कांडीनं वेल लावण्याचा सगळ्यात जुना आणि निगुतीचा धंदा तिचाच. मिरजेच्या बाजूला आरग-बेडगला, विदर्भात अंजनगाव सुर्जीला, रामटेकला पानमळे आहेत. विदर्भ-खानदेशात बारी समाजानं ही शेती पिढ्यानपिढ्या सांभाळली. पानमळ्यात आधी शेवरी, हादगा, पांगारा, शेवगा लावून सावली धरतात आणि मग जून वेलीच्या शेंड्याकडच्या कांड्या लावतात. वेल वर चढली की लव्हाळ्यानं तिला आधाराला बांधायची. वर्षाकाठी तिची उतरण करायची, म्हणजे चढलेली वेल खाली घेऊन तिचं खोड वेटोळं करून मातीत पुरायचं आणि शेंडा पुन्हा वर सोडायचा. अशी उतरण होत होत वीस वर्षांच्या मळ्यात जमिनीखाली केवढं वेटोळं असेल याचा विचार केला की मला शेषाचीच आठवण येते. नागवेलीत नर वेल वेगळी, मादी वेगळी. लोकांना हवी पानं, त्यामुळे वेल शतकानुशतकं कांडीनंच पुढे गेली. लग्नात, पूजेत, गौरीपुढे, सुपारी फुटते तिथे, सगळीकडे पान असतं. पण नागवेलीचं फळ तुमच्यापैकी कुणी पाहिलंय का? मी नाही पाहिलेलं. आत्याबाईंनीही नव्हतं.

तर माझी फळफांदी जगली. पण ती चढेना. शेवगा हाताशी असूनही तिनं त्याला बोट लावलं नाही. दोन वर्षांत गुडघ्याएवढं झुडूप झालं, बुटकं, पसरट, आणि दुसऱ्याच पावसाळ्यात त्या झुडपाला चार-पाच घोस लागले. घरात सगळ्यांना वाटलं घोडेगावच्या हवेनं तिला पांगळं केलं. मीही तसंच समजत होते. पुढे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची एक पुस्तिका वाचनात आली तेव्हा उलगडा झाला. मिरवेलीला तीन तऱ्हेच्या फांद्या असतात. आधार धरून सरळ चढणारी, पेरापेराला मुळ्या सोडणारी. बुंध्यापासून निघून जमिनीवर पळणारी. आणि आडवी येणारी फळफांदी. फळफांदीला चढायचं कसं ते माहीतच नसतं. तिची कांडी लावा, ती आयुष्यभर फळफांदीच राहते. कुंडीत मिरीचं झुडूप करायचं तर लोक मुद्दाम हीच फांदी घेतात. जी चूक मी केली ती दुसरीकडे पद्धत होती.

वेल हवी असेल तर पळणारी फांदी घ्यायची. कोकणात आणि केरळात बागायतदार या पळत्या फांद्या मातीला टेकू देत नाहीत. बुंध्याजवळ खुंटी रोवून तिच्यावर गुंडाळून ठेवतात, नाहीतर पेरापेराला मुळ्या धरून त्या सैरावैरा होतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये कापायच्या, फार कोवळं टोक आणि फार जून बूड सोडून मधला भाग घ्यायचा, दोन-तीन डोळ्यांचे तुकडे करायचे, पानं काढायची पण देठ ठेवायचे. माती, वाळू, शेणखत भरलेल्या पिशवीत एक डोळा मातीत, एक वर. सावली आणि दमट हवा. जूनपर्यंत रोप तयार. अशी वेल फळायला तीन-चार वर्षं घेते.

शेवटी १९९६ साली मी पळत्या फांदीच्या बारा कांड्या आणल्या. बारापैकी दोन जगल्या. घोडेगावच्या मानानं मला तो विजय वाटला.

मिरीच्या वेलीला मी दाराशी आणून बसवलं तेव्हा या भागाशी तिचं काही नातं नाही अशी माझी समजूत होती. इतिहास शिकवत होते, तरी. एकदा मुलांना घेऊन नेवाशाला सहल नेली. घोडेगावपासून वीस-पंचवीस किलोमीटर. सगळे जातात तसे आम्हीही आधी पैसाचा खांब पाहिला, ज्याला टेकून ज्ञानेश्वरांनी शके १२१२, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली असं मानतात. मग प्रवरेच्या काठच्या लाडमोड टेकडीकडे गेलो. तिथे डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि त्यांचे सहकारी यांनी १९५४ ते ५६ उत्खनन केलं होतं. सातवाहन काळाच्या थरात त्यांना रोमन ॲम्फोरांचे तुकडे मिळाले. ॲम्फोरा म्हणजे दोन कानांचे, निमुळत्या बुडाचे उंच कुंभ. भूमध्य समुद्राकडून दारू, तेल त्यातूनच यायचं.

त्या कुंभांच्या बदल्यात जहाजं परत काय नेत होती? कापड, हस्तिदंत, मणी. आणि मलबारच्या मुझिरिस बंदरातून मुख्यत्वे मिरी. इजिप्तच्या लाल समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात एका भारतीय रांजणात साडेसात किलो काळी मिरी सापडली आहे, तिथल्या सेरापिसच्या देवळाच्या आवारात. रोमन लेखक थोरल्या प्लिनीनं इसवी सनाच्या पहिल्या शतकात भाव लिहून ठेवलेत: रोमन पौंडाला काळी मिरी ४ दिनार, पांढरी ७, आणि पिंपळी १५. त्यानं कुरकुरही केली आहे की या फळात ना रूप ना गोडी, नुसत्या झोंबण्यासाठी माणसं इतकी खुळी का होतात. मला या माणसाबद्दल जिव्हाळा वाटतो. आमच्याकडे कोल्हापूरचा पाहुणा आला की मामा हेच म्हणायचे.

पिंपळी सगळ्यात महाग, हे लक्षात ठेवण्यासारखं. कारण संस्कृतातलं पिप्पली हे नाव ग्रीकांनी आणि रोमनांनी उचललं आणि त्यातून त्यांचा शब्द झाला, पिपेर. पुढे तो त्यांनी काळ्या मिरीलाच लावला. मिरीचं आपलं नाव मरीच, त्याचं मराठीत मिरी झालं. म्हणजे युरोपात मिरी खपली ती बहिणीच्या नावावर.

नावांची ही कांडी आणखी एकदा दुसरीकडे रुजली. १४९२ साली कोलंबस मिरी शोधायला निघाला आणि त्याला सापडली मिरची. त्यानं तिला मिरीचंच नाव दिलं. मिरीचं आणि मिरचीचं तसं काहीच नातं नाही. मिरची ही वांगी-टोमॅटोच्या घराण्यातली. पोर्तुगीज ती गोव्यात घेऊन आले आणि इथल्या लोकांनीही अगदी तोच गोंधळ केला. मराठीत मिरीवरून मिरची. तमिळमध्ये मिळगु म्हणजे मिरी आणि मिळगाय म्हणजे मिरची. माझ्या माहेरी मिरचीला मिरसांग म्हणतात, तोंडात आधी मिरी आहेच. गोव्यात १५६३ साली गार्सिया द ओर्ताचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक छापलं गेलं, त्यात मिरीवर अख्खं प्रकरण आहे, मिरचीला मात्र त्यानं जागा दिलेली नाही. 'आईन-इ-अकबरी'तल्या पदार्थांच्या यादीतही मिरी आहे, मिरची नाही. ज्ञानेश्वरांच्या काळात तर प्रश्नच नव्हता. मुक्ताबाईनं ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजले अशी कथा आहे. त्या मांड्यांबरोबर काही झणझणीत असलंच तर ते मिरीचं, आल्याचं, पिंपळीचं. नेवाशात तेव्हा ठेचा नव्हता. हे वर्गात सांगितलं की मुलं माझ्याकडे संशयानं बघायची.

मग एक-दोन शतकांत मिरचीनं काय केलं? सगळं गिळलं. लवंगी, संकेश्वरी, ब्याडगी, भिवापुरी, नंदुरबारचे वाळवणाचे लाल गालिचे. मिरी आपली सह्याद्रीच्या पलीकडे, पोफळींवर, जिथे होती तिथेच राहिली. लोक म्हणतात मिरची स्वस्त पडली म्हणून. ते खरंच आहे, पण ती स्वस्त का पडली?

माझं उत्तर खिडकीतल्या पेल्यापाशी येतं. मिरची बियानं जाते. एका मिरचीत कितीतरी बिया, सुकवून चिंधीत बांधल्या की दोन-तीन वर्षं उगवतात. सैनिकाच्या झोळीत जातील, लमाणाच्या गोणीत जातील. पक्ष्यांना मिरची झोंबत नाही, ते खातात आणि पार पलीकडच्या बांधावर टाकतात. लावणाऱ्याला कुणाकडून काही शिकावं लागत नाही. मिरीचं बी तसं नाही. पिकलेला दाणा ताजा पेरला तर उगवतो, वाळला की काही आठवड्यांत मरतो. जी मिरी जहाजांत भरून रोमला गेली, तिचा एकही दाणा तिथे उगवणार नव्हता. मिरी न्यायची तर ओली कांडी न्यावी लागते, आणि ती कशी कापायची, उलटी-सुलटी कशी ओळखायची हे जाणणारा माणूस बरोबर न्यावा लागतो.

रानातल्या मिरवेलीही नर-मादी वेगळ्या असतात म्हणतात. बागेतल्या बहुतेक वेलींत मात्र एकाच घोसात दोन्ही. कधीतरी कुणाला रानात अशी दुर्मिळ वेल दिसली, सगळ्या घोसांना दाणे धरणारी, आणि त्यानं तिची कांडी आणून दारात लावली. शेजाऱ्यानं त्याच्याकडून नेली. असं चालत आलं. केरळात पन्नियूरच्या संशोधन केंद्रानं दोन देशी वाणांचा संकर करून पन्नियूर-१ काढला, तो मिरीचा पहिला संकरित वाण; तोही त्या एका रोपापासून कांड्यांनीच सगळीकडे गेला. शरावतीकाठच्या गेरसोप्प्याच्या चेन्नभैरादेवीला पोर्तुगीज मिरीची राणी म्हणायचे, तिची सगळी श्रीमंती अशा हातोहात लावलेल्या वेलींवर उभी होती.

केरळात एक गोष्ट सांगतात. पोर्तुगीज कालिकतहून मिरीच्या कांड्या घेऊन चाललेत अशी बातमी दरबारात आली. मंत्री घाबरले. सामुतिरी राजा शांतपणे म्हणाला, कांड्या नेतील, आमची तिरुवातिरा ञाट्टुवेला कशी नेतील? तिरुवातिरा म्हणजे आपलं आर्द्रा नक्षत्र. जूनच्या अखेरीचा तो संथ, न थांबणारा पाऊस. तिकडे मिरी लावायची ती त्याच दिवसांत, आणि घोसांवरचा पराग खालच्या फुलांपर्यंत पोचवायलाही हेच पावसाचे थेंब कामी येतात. ही गोष्ट ऐकली तेव्हा मला बाबाच आठवले. थंय पाऊस खंय आसा?

सामुतिरी चुकला, हे सांगायला हवं. पाऊस इतरत्रही पडतो. आज जगात सगळ्यात जास्त मिरी व्हिएतनाममध्ये पिकते. घोडेगावात मात्र तो बरोबर होता. वर्षाला जेमतेम पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर, त्यातला बराचसा परतीचा. आर्द्रा नुसत्या ढगाळ जातात. मी मग झारी घेतली. दर वर्षी आर्द्रा लागल्या की संध्याकाळी स्टुलावर चढून वेलीवर, घोसांवर झारीनं पाणी घालते, दहा-पंधरा दिवस. शेजारपाजारच्यांना आधी वाटलं मास्तरीणबाईंचं काहीतरी व्रत आहे. एकीनं उद्यापन कधी ते विचारलं.

दाणे धरले. सुरुवातीला वाटीभर, चांगल्या साली दोन वाट्या. घोसातला एखादा दाणा लाल झाला की घोस उतरवायचा, दाणे सुटे करून उन्हात टाकायचे. माझ्या माहेरी ते काळे कुळकुळीत व्हायला आठवडा लागतो. घोडेगावच्या उन्हात तिसऱ्या दिवशी खडखडीत. एवढ्या एका बाबतीत आमच्या गावानं मलबारवर मात केली आहे. आत्याबाई त्या दाण्यांना "घरची मिरी" म्हणत आणि बाळंतिणीच्या लाडवांत, काढ्यात तीच घालत. दुकानची त्यांना पुळचट वाटे. २०११मध्ये त्या गेल्या. त्याआधीच्या पावसाळ्यात त्यांनी माझ्या दोन कांड्या कुंडीत लावून दिल्या होत्या, बसल्या जागेवरून. डोळा हातानंच चाचपून.

मिरचीच्या फांदीचं मी काकूंना त्यांच्याच भाषेत सांगितलं, की हे मिरचीचं बेणं आहे. ते त्यांना पटलं. त्यांनी एक फांदी मागून नेली, घरच्या पेल्यात ठेवली, मुळंही आली. लावलेलं रोप पानं आवळून बसलं. चुरडा-मुरडा. त्यांनी त्यांच्या जुन्या झाडावरून आणखी दोन फांद्या लावल्या होत्या, त्याही तशाच. कांडी आईसारखीच होते, तर आईचा आजारही घेऊन येते. बियानं हा रोग सहसा पुढे जात नाही. कांडीत सुटका नाही. उसातही गवताळ वाढीचं बेणं लावलं तर पुढचं सगळं शेत गवताळ निघतं, म्हणून कारखान्याचे लोक बेणेमळा वेगळा ठेवा म्हणून कंठशोष करतात. मी काकूंना माझ्या झाडाची नवी फांदी दिली आणि जुनी रोपं उपटायला लावली. त्यांनी एकच उपटलं, बाकीची ठेवली. जीव असलेलं उपटवत नाही म्हणतात.

माहेरची वेल २०१९च्या पावसात गेली. तो पाऊस फार मोठा होता, फणसाच्या बुडाशी पाणी तुंबलं, आणि आठवड्यात पानं काळी पडून गळली. याला द्रुत मर म्हणतात. भावाचा फोन आला, आजोबांची वेल संपली. मी म्हटलं, संपली कुठे, माझ्या शेवग्यावर आहे. पुढच्या मार्चमध्ये पळत्या फांदीच्या कांड्या तयार होत्या, पण टाळेबंदी लागली. त्या २०२१च्या जूनमध्ये गेल्या, माझ्या भाच्याच्या गाडीत, ओल्या फडक्यात, वर वर्तमानपत्र. फडक्यावर मी खूण केली होती: वरचा डोळा इकडे.

भावानं त्या फणसापासून लांब, चढाच्या जागी, माडाला लावल्या. दोन महिन्यांनी त्याचा फोन. "ही आपली वेल न्हय. पानां बारीक आसत." मी सांगितलं, आपलीच आहे. तो ऐकेना. मी तीस वर्षं तिकडे राहून कुठलीतरी दुसरी वेल घरची समजून बसले, असं त्याचं म्हणणं. आमची चांगली बाचाबाची झाली, वहिनीनं मध्ये पडून फोन ठेवला.

२०२३च्या आर्द्रांत त्यानं फोटो पाठवला. पानाशेजारी स्वतःचा पंजा धरलेला, मोजायला. पान पंजापेक्षा मोठं होतं. खाली काहीच लिहिलं नव्हतं.